पांबनचा पूल आणि प्रेक्षकाची मर्यादा

काशीची गंगा रामेश्वरास वाहावी, ही आपल्या घराघरांतील वडील मंडळींची इच्छा असते. तिच्या पूर्तीसाठीं इ. स. २०१७ च्या पौषांत आम्ही सहकुटुंब रामेश्वरास गेलों होतों. देवदर्शन आटोपतांच दहा वर्षांच्या नातवानें हट्ट धरला, "आजोबा, पांबनच्या पुलावरची गाडी पाहूं या." काल आपण तिच्यांतूनच आलों, असें आम्हीं म्हणतांच तो उत्तरला, "आंत बसल्यावर पूल कोठें दिसतो?" मुलाचें म्हणणें आम्हांस पटलें.

दोन किलोमीटरांहून किंचित् लांब असा हा पूल १९१४ सालीं खुला झाला. त्याच्या मधल्या भागास दोन पाखें होतीं. गलबत आलें कीं माणसें अंगबळानें तीं वर उचलीत. १९६४ च्या डिसेंबरांतील चक्रीवादळानें पुलाचे अनेक गाळे वाहून नेले आणि धनुष्कोडीची गाडी शंभराहून अधिक उतारूंसह समुद्रानें गिळली. पुढें ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखालीं अवघ्या ४६ दिवसांत पूल दुरुस्त झाला.

आम्ही पोहोंचलों तेव्हां पुलाच्या तोंडाशीं कांहीं तरुण रुळांवर उभे राहून छायाचित्रें काढीत होते. नातवाचे पायही तिकडे वळले. आम्हीं त्याचा हात धरला. "अजून वेळ आहे हो, आजोबा!" एक तरुण हसून म्हणाला. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, पुलावर बाजूस सरण्यास जागा नाहीं, समुद्रावरील वाऱ्यांत गाडीचा आवाज कळत नाहीं, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वयें हा अपराधही आहे.

शेजारींच १९८८ सालीं झालेला वाहनांचा उंच पूल आहे. आमचें वाहन अलीकडेच ठेवून आम्ही त्याच्या पायवाटेनें चालत गेलों व कठड्याशीं उभे राहिलों. थोड्या वेळानें शिटी झाली. रुळांवरील मंडळींची एकच धांदल उडाली. सगळे बचावले, मात्र एकाची वहाण रुळांतच राहिली. मग गाडी अगदीं मंद गतीनें, जणूं पाण्यावरूनच, आमच्या खालून गेली. नातू डबे मोजावयाचें विसरला. परततांना मात्र तो हळूच म्हणाला, "आजोबा, त्यांना तर वेळ होता ना?"

संस्कृतांत ‘वेला’ म्हणजे समुद्राचा किनारा, मर्यादा आणि समयही. गाडी पाहणारानें तिन्ही अर्थ ध्यानीं धरावे : किनारा सोडूं नये, मर्यादा ओलांडूं नये आणि वेळ आपल्या हातीं आहे असें मानूं नये.

डिसेंबर २०२२ मध्यें त्या पुलावरील गाड्या थांबल्या. त्याच्या शेजारीं बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजीं, रामनवमीस, खुला झाला. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा मधला भाग जहाजांसाठीं सरळ वर उचलला जातो. मुलांस तो अवश्य दाखवावा. पण त्यांचा हात आपल्या हातीं असावा.