डोळ्याला लागलंय? आधी हे विचारा!

काय दोस्तांनो, सुट्टीत विटीदांडू रंगतोय ना? मग आज माझीच एक चूक सांगतो.

मी सहावीत होतो. मी मारलेली विटी मित्राच्या डोळ्याला लागली. डोळा वरून ठीक दिसत होता. "घरी सांगू नकोस हं," मी म्हणालो. तो बिचारा दोन दिवस गप्प बसला. तिसऱ्या दिवशी वर्गात त्याला फळ्यावरचं दिसेना, तेव्हा सगळं उघडकीला आलं. त्याचा डोळा वाचला, पण नजर पहिल्यासारखी झाली नाही.

तेव्हा लक्षात ठेवा. डोळा कसा दिसतो, यापेक्षा डोळ्याला कसं दिसतं, हे महत्त्वाचं! पांढऱ्या भागावरचा लालभडक डाग पाहून आपण घाबरतो, पण तो बहुधा दोनेक आठवड्यांत जातो. उलट, तारेनं किंवा बाणानं पडलेलं बारीक छिद्र वरून कळतही नाही.

म्हणून चांगला डोळा तळहातानं झाका आणि लागलेल्या डोळ्यानं समोरची पाटी वाचायला सांगा. धूसर दिसतंय? एकाचे दोन दिसतात? उजेड सोसत नाही? दुखणं थांबत नाही? डोळा उघडतच नाही? बुबुळापुढे रक्त साचलंय? मधली बाहुली गोल राहिली नाही? उलटी होतेय? यातलं एक जरी असलं तरी 'उद्या बघू' म्हणायचं नाही. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे! टोकदार वस्तू किंवा फटाका लागला असेल, तर पाटी वाचता आली तरी जायचंच.

तोवर डोळा चोळू नका, दाबू नका. रुतलेलं काही उपसू नका. वर कागदी कप अलगद धरा, म्हणजे धक्का लागणार नाही. तूप, मध, दूध, गुलाबपाणी काही म्हणता काही घालायचं नाही!

फक्त चुना किंवा अॅसिड उडालं, तर पाटीबिटी वाचत बसू नका. आधी स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान 15-20 मिनिटं डोळा धुवा, मग दवाखाना गाठा.

आणि हो, घरी लगेच सांगा. तुम्हाला लागलं असेल तरी, तुमच्या हातून लागलं असेल तरी! ओरडा काय, संध्याकाळपर्यंत विसरला जातो. डोळा मात्र जन्मभर लागतो.