विश्लेषण : डोंगरातील शर्यतीत हवामान बिघडले, तर जबाबदारी कुणाची?

डोंगरातील कोणत्याही लांब पल्ल्याच्या शर्यतीची नोंदणी करताना ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ या वाक्यापुढे खूण करावी लागते. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. धावपटूंना त्यात वावगे वाटत नाही, कारण डोंगरात धोका असतो हे त्यांना ठाऊक असते. पण वारा-पाऊस सुरू झाल्यावर त्या खुणेला किती अर्थ उरतो, हा प्रश्न गेल्या काही वर्षांतील दुर्घटनांनी पुन्हा पुन्हा समोर आणला आहे.

गान्सूत नेमके काय घडले?

चीनच्या गान्सू प्रांतात, पिवळ्या नदीकाठच्या शिलावनात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरची शर्यत झाली. १७२ धावपटू सकाळी निघाले. उन्हाळा तोंडावर होता, त्यामुळे बहुतेकांच्या अंगावर हाफ पँट आणि पातळ टी-शर्ट. दुपारी ते डोंगराच्या उंच भागात असताना सोसाट्याचा वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस एकदम आला. त्यात २१ जणांचा जीव गेला.

जोरदार वाऱ्याचा इशारा हवामान विभागाने आदल्या रात्रीच दिला होता. तरीही वारा-पाऊस अडवणारे जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हते, ते ‘सोबत असल्यास बरे’ अशा यादीत होते. अनेकांनी आपले जॅकेट पुढच्या चेकपॉइंटवर पाठवायच्या पिशवीत टाकले होते. ती पिशवी ६० किलोमीटरच्या पुढे मिळणार होती आणि वादळाने त्यांना त्याच्या निम्म्या अंतरावरही पोहोचू दिले नाही. सर्वाधिक फटका बसला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या चेकपॉइंटमधल्या चढावर. आठेक किलोमीटरमध्ये सुमारे हजार मीटरची चढण आणि वरच्या चेकपॉइंटपर्यंत गाडीरस्ताच नाही. म्हणजे धापा टाकत वर पोहोचणाऱ्याला तिथे ना गरम पाणी, ना खाली उतरायला वाहन. सहा जण वाचले ते एका स्थानिक मेंढपाळामुळे. त्याने त्यांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली. आयोजकांच्या आराखड्यात ना तो मेंढपाळ होता, ना ती गुहा.

निष्णात धावपटूही का वाचू शकले नाहीत?

मृतांमध्ये लियांग जिंग होता. चीनमधील सर्वोत्तम अल्ट्रा धावपटूंपैकी तो एक. आघाडीवर धावणाऱ्या इतर काही जणांचाही त्यात समावेश होता. ‘तयारी नसलेले लोक डोंगरात गेले’ हे नेहमीचे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. उलट जे सर्वात वेगवान होते, तेच सर्वात आधी आणि सर्वात उंच ठिकाणी वादळात सापडले.

धावणारे शरीर भट्टीसारखे असते. स्नायू काम करतात तोवर ऊब तयार होत राहते, म्हणून थंडीतही पातळ कपडे पुरतात. पण कपडे भिजले, वारा सुटला आणि चढ निसरडा झाला की वेग मंदावतो. ऊब तयार होणे कमी होते आणि बाहेर जाणारी ऊब वाढते. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला दात वाजतात, बोटे चेन टाकायलाही ऐकत नाहीत. मग गोंधळ उडायला लागतो. आपण चुकतो आहोत हे त्या माणसाला कळत नाही. काही जण तर उलट अंगावरचे कपडे काढायला लागतात.

‘स्वतःची जबाबदारी’ या कल्पनेतली मोठी फट इथेच दिसते. जबाबदारी घ्यायला डोके ठिकाणावर लागते आणि थंडी नेमकी तीच गोष्ट आधी काढून घेते. ‘त्याने वेळीच मागे फिरायला हवे होते’ असे खाली बसून म्हणणे सोपे आहे. वर असलेल्या माणसाकडे मात्र त्या क्षणी तो निर्णय घेण्याची क्षमताच उरलेली नसते. म्हणूनच शर्यत थांबवण्याचा अधिकार कोरड्या जागी बसलेल्या, हवामानाचे आकडे समोर असलेल्या माणसाकडे असायला हवा. तो त्याने वापरायलाही हवा.

मग धावपटूची काहीच जबाबदारी नाही?

आहे, आणि ती मोठी आहे. २५ ऑक्टोबर २००८ रोजी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये झालेली ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ याचे उत्तम उदाहरण आहे. धो धो पाऊस, उधाणलेले ओढे, उभे राहणे कठीण करणारा वारा. आयोजकांनी त्याच दिवशी शर्यत थांबवली, पण तोवर सुमारे अडीच हजार लोक डोंगरात विखुरले होते. ब्रिटिश माध्यमांनी ‘शेकडो बेपत्ता’ अशा बातम्या चालवल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत जवळपास सगळ्यांचा ठावठिकाणा लागला आणि मृत्यू एकही झाला नाही.

या प्रकारात दोघांची जोडी लागते. तंबू, स्लीपिंग बॅग, अन्न आणि पावसाळी कपडे पाठीवर घेतल्याशिवाय सुरुवातच करू दिली जात नाही. त्यामुळे कोणी शेतातल्या गोठ्यात थांबले, कोणी जवळच्या स्लेटच्या खाणीत आसरा घेतला, कोणी तंबूत रात्र काढली. मुळात शर्यत सुरूच का केली, यावर तिथे वाद झाला आणि तो रास्तही होता. पण गान्सूशी तुलना केली तर फरक पाठीवरच्या पिशवीचा दिसतो. अर्थात पिशवीत काय असावे हे धावपटूच्या मर्जीवर सोडलेले नव्हते, तो आयोजकांचा नियम होता. जॅकेटच्या वजनाने दोन मिनिटे जास्त लागतील म्हणून ते मागे ठेवणारा धावपटू सगळीकडे असतो. नियम त्याच्यासाठीच करावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

एकच उत्तर नाही. जुलै २००८ मध्ये जर्मनीतील सर्वात उंच झुगस्पिट्झ शिखरावर धावत जाण्याच्या शर्यतीत बर्फ आणि थंडीने दोघांचा मृत्यू झाला. आयोजकावर खटला चालला आणि २००९ मध्ये तो निर्दोष सुटला. हवामान दिसत असताना धोका पत्करला तो धावपटूंनी स्वतः, असा त्याचा साधा अर्थ. चीनमधील चौकशीने मात्र गान्सूची घटना सार्वजनिक सुरक्षेतील जबाबदारीचे अपयश ठरवली. आयोजक कंपनीशी संबंधित पाच जणांना अटक झाली, २७ जणांवर कारवाई झाली. अशा शर्यतींवर देशभर बंदीही आली.

पहिली भूमिका अर्धवट वाटते. हवामान दिसत होते हे खरे, पण पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि वरच्या टप्प्यावर मदत कितपत पोहोचू शकते, ही माहिती आयोजकांकडेच असते. ती न सांगता घेतलेली संमती कितपत खरी? सरसकट बंदीही मात्र आळशी उत्तर आहे. ‘यूटीएमबी’ ही आल्प्समधील नावाजलेली शर्यत २०१० मध्ये पहिल्याच रात्री थांबवली गेली, २०१२ मध्ये तिचा मार्ग कापून सुमारे १०० किलोमीटर केला गेला. धावपटू नाराज झाले, पण शर्यत आजही सुरू आहे.

सह्याद्रीसाठी याचा अर्थ काय?

इथे बर्फ नाही. पण साताऱ्याची हिल मॅरेथॉन असो वा सिंहगड-राजगड-तोरणासारखी अल्ट्रा, डोंगराळ मार्गांवरच्या शर्यती आता इथेही रुजल्या आहेत. धुके, दरड, तासाभरात फुगणारा ओढा आणि कड्यावरची वीज हे आपले धोके. पावसाळी वाऱ्यात चिंब भिजून थांबलेला धावपटू सह्याद्रीतही गारठतो. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आहेत. तरी प्रत्यक्ष प्रश्न शुल्क भरताना विचारायचे असतात. जिल्ह्याला रेड अलर्ट असेल तर शर्यत होणार का, हे नियमावलीत आधीच लिहिले आहे का? रद्द करण्याचा अंतिम अधिकार कोणाकडे, प्रायोजकाकडे की सुरक्षेच्या प्रमुखाकडे? मार्गावरचा सर्वात दुर्गम चेकपॉइंट कोणता आणि तिथून जखमीला खाली आणायला किती वेळ लागतो? आणि रद्द झाल्यास शुल्काचे काय? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण परतावा आणि प्रायोजकांचे पैसे यांचा ताण नसेल तर पहाटे चार वाजता ‘आज नको’ म्हणणे आयोजकाला बरेच सोपे जाते.

काही अघटित घडलेच, तर अनेकदा लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोर घेऊन दरीत उतरतात. त्यांनी मात्र शर्यतीच्या कोणत्याही अर्जावर खूण केलेली नसते.