भावाचे की भावांचे?

‘भावाचे दुकान’ आणि ‘भावांचे दुकान’ यांत अंतर एका अनुस्वाराचे. परंतु व्यापारी घराण्यात त्या टिंबाचे मोल कोणास समजावून सांगावे लागत नाही. पहिल्यात मालक एक, दुसऱ्यात सारे बंधू वाटेकरी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतील अनेक अनुस्वार वगळले. अनेकवचनाचा हा अनुस्वार मात्र राखला.

इंग्रजीत हेच कार्य अपॉस्ट्रॉफी करते. ओळीच्या वरच्या बाजूस दिसणारे हे स्वल्पविरामासारखे चिन्ह ‘ब्रदर्स शॉप’ लिहिताना ‘एस’च्या आधी आले, तर दुकान एका भावाचे, नंतर आले, तर अनेकांचे. उच्चार दोहोंचा एकच, म्हणून येथे कानावर विसंबता येत नाही.

आपल्या सोलापुरात चादरी, टॉवेल, गणवेश यांच्या पाट्या आणि लेबले इंग्रजीतही छापली जातात. ती छापण्यापूर्वी मजकूर मनात मराठीत म्हणून पाहावा. ‘चा-ची-चे’ येत नसेल, तर मालकीचे चिन्ह नको. ‘टॉवेल्स’, ‘सारीज’, ‘अँड सन्स’ ही निव्वळ अनेकवचने होत. ‘चे’ येत असेल, तर मालक एक की अनेक, हे ठरवावे. एक असल्यास चिन्ह ‘एस’च्या आधी, अनेक असल्यास नंतर. ‘लेडीज वेअर’ या नियमाने चालते. ‘मेन’ आणि ‘चिल्ड्रन’ ही रूपे मात्र ‘एस’शिवायच अनेकवचनी असल्याने त्यांचे चिन्ह ‘एस’च्या आधी येते. ‘इट्स’चा अर्थ ‘त्याचे’ असेल, तर चिन्ह नाही. ‘ते आहे’ असेल, तर गाळलेल्या अक्षराच्या जागी ते हवेच.

एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वडिलांचे दुकान’ यातील अनुस्वार आदराचा आहे, संख्येचा नव्हे. इंग्रजी नामाला असे आदरार्थी बहुवचन नाही. तेथे वडील एकच, म्हणून ‘फादर्स शॉप’मध्ये चिन्ह ‘एस’च्या आधीच येईल.

पेढीच्या नोंदणीकृत नावात मात्र परस्पर बदल करू नये. ब्रिटनमधील वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ मध्ये आपल्या नावातील हे चिन्ह काढले, तो मालकांचा निर्णय होता. आपणही पाटी, बिल आणि कागदपत्रे यांवर नाव एकसारखेच ठेवावे. इतर मजकुरात मात्र चिन्ह योग्य जागीच असावे. हिशेबात दशांशचिन्हाची जागा चुकू न देणाऱ्या आपल्या घरांना ही दक्षता जड जाऊ नये.