मतभेद असावा, वैर नसावे

निवडणूक आली की शिरूर व दौंड तालुक्यांत गावोगाव दोन तट पडतात. त्यात आम्हांस काही अनिष्ट दिसत नाही. जेथे लोकांचे राज्य आहे तेथे मते दोन व्हावयाचीच. परंतु गुलाल धुऊन गेल्यावरही भावाभावांचे बोलणे बंद राहावे, आणि वडिलांचा तट पाहून मुलांनी वर्गात बाक बदलावे, हे मात्र चिंतेचे आहे.

आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा. लोकमान्य टिळक व नामदार गोखले हे फर्ग्युसन कॉलेजातील सहकारी. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ साली सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी गोखले प्रभृतींसह १८९६ साली डेक्कन सभा काढली. जहाल व मवाळ हा भेद पुढे इतका विकोपास गेला की १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या व सभा मोडली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. टिळक सिंहगडावरून तातडीने पुण्यास आले आणि स्मशानभूमीत त्यांनी आपल्या प्रतिपक्ष्याच्या देशसेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. १९१६ साली लखनौस दोन्ही पक्ष एक झाले. ते पाहण्यास गोखले नव्हते.

अमेरिकन प्रजासत्ताकाच्या आरंभीही असेच घडले. जॉन अ‍ॅडम्स व टॉमस जेफर्सन यांनी १७७६ साली स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी एकाच समितीत काम केले. पुढे ते परस्परविरोधी पक्षांचे पुढारी झाले. १८०० च्या निवडणुकीत हरलेले अ‍ॅडम्स जेफर्सनच्या शपथविधीसही न थांबता पहाटेच राजधानीतून निघून गेले. तथापि १८१२ साली डॉ. बेंजामिन रश या उभयतांच्या स्नेह्याने मध्यस्थी केली आणि पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. मते निरनिराळीच राहिली, पण स्नेह चौदा वर्षे टिकला. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्यास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, दोघेही निवर्तले.

या दोन उदाहरणांत आम्हांस एक अंतर दिसते. टिळकांचे उदार शब्द गोखल्यांच्या कानी पडले नाहीत. अ‍ॅडम्सला मात्र जुन्या मित्राचे पत्र स्वतः उघडून वाचता आले. तेव्हा प्रतिपक्ष्याविषयी जे चांगले बोलावयाचे, ते स्मशानापर्यंत राखून ठेवू नये. आजचा राग उद्यावर नेऊ नये, हीच पवित्र शास्त्राची शिकवण आहे.

पालकांनी आपल्या मतासाठी अवश्य झटावे. परंतु ते भांडण मुलांच्या दप्तरात घालून शाळेत पाठवू नये. आणि विद्यार्थ्यांनो, मोठ्यांचा अबोला सुटत नसेल तर डॉ. रश यांचे काम तुम्हीही करू शकता. त्यासाठी मताचा अधिकार लागत नाही.