जिथं नको तिथं हाड

वालचंदनगर म्हटलं की ऊस, साखर आणि यंत्रांचा कारखाना! याच गावात इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी कवचंही बनली आहेत. पोलादाच्या जोडात फट राहिली तर ती डोळ्यांना दिसत नाही. मग जोडाचा एक्स-रे काढतात. हो, लोखंडाचाही एक्स-रे निघतो! फटीतून किरण जास्त पार होतात आणि फिल्मवर काळी रेघ उमटते.

आपल्या छातीचंही गणित तेच. हवेनं भरलेली फुप्फुसं काळी, बरगड्या पांढऱ्या. पण बरगड्या सोडून भलतीकडेच हाडासारखा पांढरा गठ्ठा दिसला तर? घाबरू नका, जुन्या क्षयाच्या जखमेतही चुना साठतो. फारच क्वचित मात्र तो ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाड तयार करणारा कॅन्सर निघतो. बिघडलेल्या पेशी भराभर वाढतात आणि कच्चं हाड विणत सुटतात. छातीत जागा ती केवढी! श्वासनलिका दाबली जाते, खोकला येतो, धाप लागते.

डॉक्टरांना आधी शोधायचं असतं, की ही गाठ इथलीच की पाहुणी? छातीतच उगवणारी गाठ अतिदुर्मिळ, तीही बहुधा मोठ्या माणसांत. तुमच्या वयात हा रोग मुख्यतः गुडघ्याजवळच्या हाडात सुरू होतो आणि रक्तावाटे फुप्फुसात पोचू शकतो. कॅनडाच्या टेरी फॉक्सचं असंच झालं. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० मध्ये कॅन्सर-संशोधनाला पैसे जमवायला हा पठ्ठ्या कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला! १ सप्टेंबरला छातीत दुखू लागलं आणि तो थांबला. रोग फुप्फुसात पोचला होता. जून १९८१ मध्ये तो गेला.

म्हणून छातीत अशी गाठ दिसली की साऱ्या अंगातली हाडं तपासतात. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शक्य असेल तर गाठ पूर्ण काढतात, जोडीला औषधं. छातीतली गाठ अजूनही अवघडच. पण हातापायातली वेळेवर सापडली, पसरलेली नसली, तर दहापैकी सहा-सात जण बरे होतात आणि बहुतेकांचा पायही वाचतो. तेव्हा गुडघा आठवडेच्या आठवडे दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर ‘क्रिकेटचा मार’ म्हणून लपवू नका, आईला सांगा.

मुंबईत परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. तिथं अशा मुलांवर उपचार होतात. आणि हो, कॅन्सर शेजारी बसल्यानं लागत नाही. अशा मित्राबरोबर खुशाल कॅरम खेळा!