झाडलोट

काल सकाळी मागच्या दारी चहा घेत बसले होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. "बाई, गवत काढायला माणूस लावलाय. तुमचंही उरकून घेऊ का? दिवाळी आली." विचारणारा माझाच जुना विद्यार्थी, आता आमच्या कॉलनीच्या कमिटीवर आहे. मनाने चांगला. मी नको म्हटलं तर म्हणाला, "अहो, पण किती कचरा साठलाय!" तिथल्या तिथे मला उत्तर सुचलं नाही. पस्तीस वर्षं वर्गात बोलले, आता उभ्याने वाद घालायचं त्राण नाही. म्हणून इथे लिहिते. (तो हे वाचतो, मला माहीत आहे.)

माझं म्हणणं एवढंच. दिवाळीला घर झाडावं, परस झाडू नये. निदान आश्विनात तरी नको.

कारण पाऊस परतला की आमच्या साताऱ्यात परसाला खरी जाग येते. जमिनीत ओल आहे, वरून ऊन आहे, गवत बियांवर आलेलं आहे. या दिवसांत ठिपकेवाल्या मुनियांची जोडी चोचीत गवताचं लांबच लांब पातं धरून लिंबाकडे जाते, पातं मागे शेपटासारखं लोंबत असतं. काटे आहेत म्हणून लिंबू पसंत. करडा धोबी हिमालयाकडून येऊन शेपटी खालीवर करत मोरीच्या पाण्याजवळ फिरायला लागतो. दोन पेरूंच्या मध्ये कोळ्याने जाळं विणलेलं असतं आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या जाड दोऱ्याची फुली. सही केल्यासारखी.

आता या सगळ्यावर आपण काय करतो? गवत कापतो. पालापाचोळा पेटवतो. (उघड्यावर कचरा जाळायला २०१६च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, पण ते कोण विचारतो.) भिंती रंगवायच्या म्हणून कुंभारीण माशीची मातीची घरं पत्र्याने खरवडून टाकतो. कीटकभृंगी न्याय आपण कीर्तनात ऐकलेला असतो, की ध्यास लागून किड्याचीच भृंगी होते. खरं तर ती माशी अळीला किंवा कोळ्याला डंख करून बधिर करते, मातीच्या घरात ठेवते आणि तिची पिल्लं त्यावर वाढतात. न्याय चुकला तरी निरीक्षण तर होतं! कुणीतरी भिंतीपाशी बसून ते पाहिलं होतं. आपण पाहत नाही, खरवडतो.

लिंबाचं तर विचारूच नका. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली की लगेच फवारा. त्यातली एखादी अळी ब्ल्यू मॉरमॉनची, म्हणजे राणी पाकोळीची असू शकते. महाराष्ट्राने २०१५ साली तिला राज्य फुलपाखरू केलं. काळ्या मखमलीवर निळा रंग उधळल्यासारखं ते फुलपाखरू आपल्याला हवं आहे, त्याचे फोटो पाठवायला हवे आहेत. फक्त त्याची अळी नको. मूल नको, पण नातवंडं हवीत, असा हा प्रकार झाला.

आणि चतुर. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो, आता लाज वाटते. आश्विनात संध्याकाळी अंगणावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, डासांसारखे बारीक कीटक टिपत. चार्ल्स अँडरसन नावाच्या मालदीवमधल्या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं की हेच चतुर ऑक्टोबरच्या सुमारास भारताकडून समुद्र ओलांडून मालदीवला येतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. बोटभर लांबीचा जीव! आणि आपण नेमकी त्याच वेळी डास मारायला धुराची गाडी बोलावतो.

"बाई, डेंग्यू झाला तर? साप निघाला तर?" हे तो म्हणणार, आणि प्रश्न खोटा नाही. त्याच्या घरी लहान मुलं आहेत. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, करवंट्या, गच्चीवरची उघडी टाकी. ती दर आठवड्याला रिकामी करून घासा. सुक्या पाचोळ्यात डास अंडी घालत नाही. साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर येतो आपण मागे टाकलेल्या शिळ्या अन्नामागे. घराला लागून दहा फूट जरूर स्वच्छ ठेवा. रात्री बॅटरी घेऊन जा, पाचोळ्यात अनवाणी पाय किंवा हात घालू नका. साप दिसला तर लांब राहून सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर मांत्रिक नको, तडक दवाखाना.

सापाचं मी बोलते त्याला कारण आहे. १९८१ साल, सहामाही परीक्षेच्या आधीचे दिवस. सातवीच्या वर्गात कपाटामागून साप निघाला. तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. मी ओरडले, "मण्यार!" आणि शिपाईमामांना मारायला सांगितलं. त्यांनी काठीने मारला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या थांबवल्या नाहीत, उलट फळ्यावर मण्यारीची माहिती लिहून दिली. पुढे बऱ्याच वर्षांनी सापांच्या पुस्तकात चित्र पाहिलं. मण्यारीचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक, कवड्याचे नेमके उलटे. आमच्या वर्गातला कवड्या होता. बिनविषारी, पाली खाणारा. पाली मिळाल्या म्हणून आला असेल.

चूक ओळखण्याची होती असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. तशी चूक कुणाचीही होईल, म्हणून तर हात लावू नये. पण मुलं बाकांवर उभी होती, दार उघडं होतं, त्यांना बाहेर काढून वर्ग बंद करता आला असता. त्याऐवजी मी चाळीस मुलांना शिकवलं की अनोळखी दिसलं की आधी मारायचं. व्याकरण शिकवलेलं ते विसरले असतील, हे नाही विसरले. कुंपणापलीकडून काल जो बोलला, तो त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर होता.

म्हणजे हा लेख त्याच्यावरचा राग नाही, माझ्याच शिकवणुकीची दुरुस्ती आहे. श्रावणात पंचमीला नाग पुजणारे आणि आश्विनात त्याच्यावर काठी उगारणारे आपण सगळेच. मी वेगळी नव्हते.

तेव्हा बाबा रे, माझं गवत राहू दे. मार्गशीर्षात बिया झडल्या की मीच कापून घेईन. पाचोळा आंब्याच्या बुंध्याशी ओढेन, तिथे त्याचं खत होईल. तुझ्याकडचंही सगळं नको कापूस, मागचा एक कोपरा ठेव. मुलांना तिथे रोज दहा मिनिटं नुसतं बसव. मला त्या वयात कुणी बसवलं नाही.

आणखी एक. मागच्या वर्षी नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायला तू कारिटं बाजारातून विकत आणलीस. दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणावर त्याचा वेल होता, तुझ्या माणसाने गवताबरोबर कापला. यंदा माझ्या बाजूने पुन्हा चढलाय, चार-पाच लागलीत. आदल्या दिवशी मुलाला पाठव, काढून ठेवते.