ग्रंथालयांना माणसे द्या

सार्वजनिक ग्रंथालयांविषयी महाराष्ट्रात होणारी चर्चा पुस्तकांची संख्या, इमारतीची अवस्था आणि रखडलेले अनुदान या तीन प्रश्नांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. वाचलेल्या पुस्तकावर गावातल्या चार प्रौढ माणसांनी एकत्र बसून बोलावे, त्यासाठी कोणीतरी वर्षभर नेटाने खटपट करावी आणि त्या खटपटीचा मोबदला शासनाने रीतसर खर्चाची बाब म्हणून मान्य करावा, हा विचार या चर्चेत क्वचितच येतो. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, कला अशा, माणसाच्या जगण्याचा अर्थ लावू पाहणाऱ्या विषयांना मानव्यविद्या म्हणतात. त्या महाविद्यालयात शिकायच्या आणि पदवी हाती पडली की सोडून द्यायच्या, असा समज रूढ झाला आहे. परीक्षा किंवा नोकरी डोळ्यांसमोर न ठेवता आयुष्यभर चालू राहणारे शिकणे, ज्याला आजीवन शिक्षण म्हटले जाते, ते त्यामुळे हौशी माणसाच्या मर्जीवर सोपवले गेले आहे.

महाराष्ट्राची परंपरा पाहता हे अधिकच खटकते. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. विद्यापीठे स्थापन होण्याआधीच या शहरांत वाचनाच्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने राजकारण, अर्थकारण, इतिहास हे विषय वर्गाबाहेर आणून श्रोत्यांपुढे ठेवले. मात्र या संस्थांचा वाचक आणि श्रोता प्रामुख्याने शहरी, शिक्षित आणि पुरुष होता, हेही तितकेच खरे आहे. दिवसभर राबणाऱ्या माणसालाही शिकण्याचा हक्क आहे, हे ओळखून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा आपल्या घरात चालवली. प्रौढ शिक्षणाच्या महाराष्ट्रातील इतिहासाचा आरंभ खऱ्या अर्थाने तिथून मानायला हवा.

या कामाला शासकीय यंत्रणेची जोड मिळाली तर काय घडते, हे बडोद्याने दाखवले. सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून संस्थानाचे ग्रंथालय खाते उभारण्याचे काम त्याच्यावर सोपवले. बॉर्डनने नुसती पुस्तके मागवली नाहीत, तर ग्रंथपाल घडवण्यासाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. गावाने लोकवर्गणी जमवली की तेवढीच रक्कम स्थानिक मंडळाने आणि तेवढीच संस्थानाने घालायची, या एक तृतीयांशाच्या नियमामुळे गावातले ग्रंथालय सरकारी न राहता गावाचे झाले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी याच खात्याची चित्रदर्शन शाखा होती आणि ती गावोगाव दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर चित्रे दाखवून लोकशिक्षण करीत असे. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी व्यवस्था होती. खात्याचे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. या योजनेत पुस्तक जितके महत्त्वाचे होते तितकाच ते पोहोचवणारा, समजावणारा आणि वाचकाला ओळखणारा माणूस महत्त्वाचा होता. पुढच्या काळात ग्रंथालयांचे कायदे झाले, खाती वाढली, पण नेमका हा दुसरा भाग निसटला.

कायद्याच्या बाबतीत मराठी मुलूख मागे नव्हता. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि महाराष्ट्र राज्याचा अधिनियम 1967 चा आहे. लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना मान्यता देऊन त्यांच्या अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देण्याची पद्धत महाराष्ट्राने स्वीकारली. तीत लोकसहभागाचे मोल जपले गेले हे निःसंशय, परंतु तमिळनाडू आणि कर्नाटक यांच्याप्रमाणे मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर वसूल करण्याची तरतूद या अधिनियमात नसल्यामुळे ग्रंथालयांना हक्काचा निधी मिळाला नाही आणि दर वर्षीच्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसणे त्यांच्या नशिबी आले.

या परावलंबनाचे परिणाम लहान गावातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात स्पष्ट दिसतात. ग्रामपंचायतीच्या आवारातली किंवा देवळालगतची एक खोली, दैनिकांचे लांब टेबल, काचेची दोन-चार कपाटे, दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही आणि दफ्तर तपासणीसाठी जपून ठेवलेली बिले, एवढा त्याचा संसार असतो. ते उघडणारा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतो, पोटासाठी दुसरा उद्योग पाहतो आणि अनुदानाचा हप्ता लांबला की पदरचे पैसे घालून दैनिकांचे बिल भागवतो. अशा माणसाकडून त्याने वाचकगट चालवावा, वक्ते बोलवावेत, निवृत्त शिक्षकापासून बचतगटातल्या बाईपर्यंत सर्वांना एका पुस्तकाभोवती जमवावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला आणि शासनाला मुळीच नाही. तरीही काही गावांत ही माणसे हे सारे करतात, आणि त्यांच्याच बळावर ही व्यवस्था उभी आहे.

वाचनाची आवड लोकांत उरलेली नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणारी पुस्तकांची दुकाने पाहावीत. लांबलांबून आलेली, बहुतेक वेळा बेताच्या कमाईची माणसे तिथून चरित्रे, भाषणांचे संग्रह, संविधानाच्या प्रती आणि इतिहासाची पुस्तके विकत घेऊन पिशवीत घालून घरी नेतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी राजगृह बांधले. त्यांना मानणाऱ्या समाजाने वाचनाला आत्मसन्मानाशी जोडले आणि पुस्तकावरची चर्चा विहारांत आणि वस्त्यांत चालू ठेवली. वाचनामुळे आपले जगणे समजते आणि बदलता येते, हा अनुभव जिथे सामूहिक होतो तिथे वाचकांची वाण पडत नाही.

अनुभव सामूहिक न झाल्यास काय घडते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. साताऱ्यात 1959 मध्ये सुरू झालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेत गावेच्या गावे उत्साहाने साक्षर झाली. परंतु नवसाक्षराच्या हाती पुढचे वाचन सातत्याने पडले नाही तर त्याची अक्षरओळख पुसली जाते, हा धडा त्या मोहिमेने आणि नंतरच्या साक्षरता अभियानांनी दिला. 2022 पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या नव भारत साक्षरता कार्यक्रमात निरंतर शिक्षणाचा घटक आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रौढ शिक्षणासाठी स्वतंत्र प्रकरणही आहे. ते कागदावरून गावात आणण्यासाठी नवी इमारत बांधण्याचे कारण नाही, कारण मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे जाळे राज्यभर पसरलेलेच आहे.

भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचे गाव उभे राहिले, 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला, या गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि एका गावाची ख्याती किंवा एका दिवसाचा कार्यक्रम वर्षभराच्या कामाची जागा घेऊ शकत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाचे मोल अधिक आहे. त्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे राहते, ठरलेल्या मुदतीनंतर दुसऱ्या गटाकडे जाते, आणि प्रत्येक पेटीची जबाबदारी घेणारा एक समन्वयक असतो. देणगीदार, समन्वयक आणि वाचक यांच्या साखळीवर चालणारा हा उपक्रम परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचला. बडोद्याच्या पेट्यांचे तत्त्व लोकांच्या बळावर आजही चालू शकते, याचा हा ढळढळीत पुरावा आहे.

आता शासनाने करायच्या गोष्टी अवघड नाहीत. ग्रंथपालाचे मानधन त्याला सन्मानाने जगता येईल इतके करावे आणि ते वेळेवर द्यावे. अनुदानाचा काही हिस्सा वाचकगट, अभिवाचन आणि व्याख्याने यांच्यासाठी राखून ठेवावा. विद्यापीठांच्या बहिःशाल शिक्षण मंडळांना, म्हणजे विद्यापीठाच्या भिंतींबाहेरच्या नागरिकांपर्यंत ज्ञान नेण्यासाठी असलेल्या विभागांना, तालुक्याच्या ग्रंथालयांशी कायमचे जोडावे, म्हणजे वर्षातून एखादे व्याख्यान होऊन सभागृह रिकामे होण्याऐवजी एका विषयाचा सलग अभ्यास घडू शकेल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी जी मुले-मुली आज अभ्यासिकांत पहाटेपासून बसलेली असतात, त्यांनाही या वर्तुळात आग्रहाने घ्यावे. राज्याचा इतिहास पाठ करणाऱ्या या तरुणांना गावातल्या वृद्धाने सांगितलेला 1972 चा दुष्काळ ऐकण्याची आणि त्याला प्रश्न विचारण्याची संधी मिळायला हवी.

मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानिमित्त येणाऱ्या निधीतला पहिला वाटा महोत्सवांना न जाता या खोल्यांना जायला हवा. ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी मात्र त्याची वाट पाहत बसू नये. एक पुस्तक आणि महिन्यातली एक संध्याकाळ ठरवून ती फलकावर लिहायला शासननिर्णय लागत नाही. आणि ज्या वाचकांनी आपल्या गावातल्या किंवा पेठेतल्या ग्रंथालयाची वर्गणी कित्येक वर्षांत भरलेली नाही, त्यांनी ती याच आठवड्यात भरावी आणि त्या संध्याकाळी तिथे हजर राहावे.